खड्डे तेवीस, झाडं बावीस

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सात अंगं टेकली आहेत असं समज. छाती टेकता येत नाही, कारण जिथे टेकायची तिथलं सिमेंट अजून ओलं आहे.) तुझा पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली तर लोकरीची सुई घालू नकोस असं वहिनीने तुला बजावलं आहे हे मला माहीत आहे, आणि तू घालतेस हेही माहीत आहे, कारण तुझ्या सगळ्यात बारीक सुयांच्या जोडीतली एकच सुई इथे शिल्लक आहे. जेवण जातं का, झोप लागते का, वॉकरची उंची तुझ्या मापाने लावून घेतलीस की अजून दादाच्या अंदाजाने चालते आहेस, हे सगळं कळव. इकडे सर्व ठीक आहे. 'सर्व' या शब्दाचा तपशील पुढे देते.

पत्र लिहायचं कारण असं की फोनवर बोलता येत नाही. तू फोन घेतलास की दादा तो स्पीकरवर टाकतो, शेजारी खुर्ची ओढून बसतो आणि "बोल आई, बोल" म्हणतो. अशा वेळी कोणीच काही बोलू शकत नाही. म्हणून हे पत्र तुझ्या लोकरीच्या डब्यात, गुंड्यांच्या खाली ठेवून दादाच्याच हाती पाठवते आहे. (तो टपालापेक्षा खात्रीचा आहे आणि दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.) आत्ता दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. दादा आतल्या खोलीत, तुझ्या शिवणयंत्राशेजारच्या दिवाणावर झोपला आहे. तो उठेपर्यंत निकाल कळणार नाही. मला बसवत नाही, म्हणून हे मी तुझ्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून लिहिते आहे, आणि एवढं लिहीपर्यंत दोनदा अंगणात जाऊन पूल बघून आले. पूल जागेवर आहे.

निकाल कसला ते तुला ठाऊक आहे, तरी नोंद म्हणून लिहिते. तीन आठवड्यांपूर्वी तू पडलीस, डावा पाय मोडलास आणि दादाकडे राहायला गेलीस. बाथरूममध्ये घसरले, असं तू सगळ्यांना सांगितलंस. मग दादा तुझे कपडे न्यायला इथे आला, अंगणात तू हाताने बांधलेली ती छोटी रेल्वे मोडून पडलेली पाहिली आणि म्हणाला, हे सगळं उचलून टाकू आणि सपाट फरशी घालू, आई परत आली की तिला चालायला बरं. तू त्यावर एक अक्षर बोलली नाहीस. (तू बोलत नाहीस तेव्हा सगळं घर घाबरतं. या वेळी दादा घाबरला नाही, ही नवी गोष्ट आहे.) शेवटी वहिनी मध्ये पडली आणि असं ठरलं की आजच्या रविवारी गाडीने न थांबता एक पूर्ण फेरी मारली तर रेल्वे राहील, नाही तर फरशी. त्यानंतर तू मला फोन केलास, तोही स्पीकरवर, आणि म्हणालीस, "अगं, रजा शिल्लक असेल तर घराला जरा ऊन-वारा दाखव." मी बारा दिवसांची रजा टाकून आले. ऊन-वारा म्हणजे काय ते मला कळलं होतं.

हे मी कधी बोलले नाही, पण लिहायला हरकत नाही: मला ती रेल्वे राहायला हवी आहे. एकतीस वर्षं तू दुकानाच्या खिडकीशी बसून शिवत होतीस, समोरून गाड्या जात होत्या आणि तू मान खाली घालून कुणाच्या तरी बाह्या जोडत होतीस. दुकान बंद केलंस तेव्हा बाबा म्हणाले, आता कुठे तरी फिरून ये, आणि तू म्हणालीस, "मला गाडीत बसायचं नाही, मला गाडी चालवायची आहे." घरात त्यावर सगळे हसले. मी हसले नव्हते. (मी तेव्हा तोंडी परीक्षेची तयारी करत होते, हेही एक कारण.)

आता तपशील. मी नोकरीत खरे पूल तपासते, म्हणजे हातोडीने ठोकते, तडे मोजते आणि तक्ता भरून वर पाठवते. वरचे तो वाचत नाहीत, ते सोड. त्याच पद्धतीने पहिल्या दिवशी अंगणाचा तक्ता केला. बोगदा: पूर्ण कोसळलेला. पूल: पाच खांबांपैकी दोन आडवे, एक गायब (नंतर कुंडीत उभा सापडला, बहुतेक दादाने काठी समजून खोचला). स्टेशन: तेलाच्या डब्याचं छप्पर चेपलेलं, आत मुंग्यांची वस्ती, स्टेशनमास्तर उपडा. सिग्नलच्या बटणांपैकी लाल शाबूत, हिरवं फुटलेलं, म्हणजे गाडी कायद्याने निघूच शकत नव्हती. झाडं: खड्डे तेवीस, झाडं बावीस. हे मी तीनदा मोजलं. तारेला लोकर गुंडाळून केलेलं तुझं झाड वाऱ्याने उडण्याइतकं हलकं नाही आणि कोणी खाण्याइतकं चवदार नाही. तेविसाव्यापुढे 'बेपत्ता' लिहिलं आणि खड्डा तसाच ठेवला. हिशेबात नसलेली वस्तू मला झोपू देत नाही, पण खोटं झाड लावून हिशेब जुळवणं त्याहून वाईट.

शेवटचा रकाना कारणाचा. तिथे मी प्रथम 'मांजर' लिहिलं. भिंतीपलीकडे जे घड्याळ दुरुस्तीवाले राहतात, तुझे घड्याळजी, त्यांचं ते करडं मांजर बोगद्यात झोपतं हे सर्वांना ठाऊक आहे. पण मी तक्ता भिंतीवर ठेवून भरत होते आणि घड्याळजींनी तो भिंग लावून वाचला. ते दुखावले. "ती झोपते तिथे. मोडत नाही," म्हणाले. मी वजन विचारलं. त्यांनी मांजर पिशवीत घालून काट्याला लटकवून आणलं: साडेतीन किलो, पिशवी वगळून. आता तू बोगदा केला होतास बकरमचा (कॉलरीत घालतात तेच बकरम, सिमेंटच्या पाण्यात बुडवून, तारेच्या सांगाड्यावर तीन थर). मी तसाच हातभर नमुना केला, वाळवला आणि त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवत गेले. वीस किलोला काही झालं नाही. तीसला काही झालं नाही. घड्याळजी भिंतीवर कोपरं टेकून बघत होते आणि दर पिशवीला मांजराकडे बघून मान हलवत होते. शेहेचाळीसला तडा गेला. "ऐकलंस ना," ते मांजराला म्हणाले, "सुटलीस." मी 'मांजर' खोडून 'तपासाधीन' लिहिलं. तेव्हापासून ते रोज येतात. आधी उपकार फेडायला येत होते, आता सल्ला द्यायला येतात.

पुलाचं काम दोन दिवस चाललं आणि तांत्रिकदृष्ट्या ते उत्तम झालं आहे. घड्याळजी म्हणाले, "यावरून माझी स्कूटर जाईल." मी म्हटलं, स्कूटर नाही जाणार, सायकल जाईल, सायकलीचं गणित केलं आहे. एकच अडचण आली ती लिहायची की नाही याचा विचार करते आहे. लिहिते. चौथा खांब चिकटवताना मी खाली आडवी होऊन डोकं पुलाखाली घातलं होतं आणि माझी वेणी डिंकात पडली. (डिंक नव्हे, दोन नळ्या मिसळून करतात तो. पाच मिनिटांत धरतो आणि मग आयुष्यभर सोडत नाही, असं पाकिटावर लिहिलं आहे. ते खरं आहे.) त्याच वेळी घरात फोन वाजला. दादाच असणार, रोज अकराला करतो. मी पुलाला बांधलेली, फोन वाजतोय, मांजर माझ्या पोटावर बसलेलं. चाळीस मिनिटांनी घड्याळजी आले, भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "पूल कापायचा की केस?" हे त्यांनी खरोखर विचारलं, आणि मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला हेही खरं आहे. चार सेंटिमीटर वेणी गेली. वाया घालवलेली नाही. स्टेशनच्या मागे वाळलेलं गवत दिसेल, ते मी आहे.

झाडांना नवी लोकर गुंडाळली. सगळी बरोबर एका उंचीची झाली, अकरा सेंटिमीटर, फरक एक मिलिमीटरच्या आत. मला समाधान वाटलं. घड्याळजी म्हणाले, "हे जंगल नाही पोरी, हा ब्रश आहे." बघितलं तर ब्रशच होता. निसर्गातला वेडेवाकडेपणा मुद्दाम कसा करतात ते मला शिकवलेलं नाही. मी हाताने वेडंवाकडं करायला गेले की तेही एका क्रमाने होतं. शेवटी तुझ्या कपाटातले सापशिडीचे फासे काढले आणि दर झाडाला टाकले. सहा पडले तर उंच, एक पडला तर खुरटं. तू आलीस की लोकांना सांगू नकोस की ही राई फाशांवर उगवली आहे.

आता बोगदा. इथपर्यंत येईतो मी दोनदा उठून अंगणात गेले. दादा कूस बदलून झोपला आहे.

बोगद्यासाठी मी तुझी वही घेतली, कारण कोसळलेल्या वस्तूचं माप घेता येत नाही. तुझ्या वहीबद्दल माझं मत मी राखून ठेवते, फक्त नोंदी देते. 'पूल: एक वीत, तीन बोटं, आणि डोळ्याला बरं दिसेल इतकं.' 'फलाट: रुंदी आठ बोटं.' 'बोगदा: उंची बारा बोटं, रुंदी दहा, जरा सैल.' एकतीस वर्षं तुझ्या गळ्यात टेप लोंबत होती, आत्या. असो. बोट म्हणजे किती, हे ठरवायला मी शाबूत राहिलेला फलाट मोजला: एकशे अठ्ठावीस मिलिमीटर. भागिले आठ, सोळा. मग सहज म्हणून माझं मधलं बोट मोजलं. सोळा. माझ्या जन्मापासून घरातले सगळे म्हणत आले आहेत की हिचे हात अगदी आत्याचे. मला वाटायचं, तान्ह्या मुलीबद्दल बोलण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून बोलले असतील. पुन्हा मोजलं, व्हर्निअरने. सोळाच. मग मी चहा केला आणि जरा वेळ काही केलं नाही.

त्यानंतर मात्र मी फार खुशीत काम केलं आणि तिथेच घोळ झाला. बारा बोटं, म्हणजे एकशे ब्याण्णव. तारेचा सांगाडा, बकरमचे तीन थर, वर माती, मातीवर तुझ्या जुन्या घोंगडीचं गवत. दोन दिवस वाळवला. गुरुवारी पहिली चाचणी घेतली. घड्याळजींनी शिट्टी वाजवली (ते घरून घेऊन आले होते). गाडी निघाली, पुलावरून गेली, वळली, बोगद्याच्या तोंडाशी आली, आणि इंजिनाचं धुराडं बोगद्याच्या कपाळावर असं आपटलं की ते उडून घड्याळजींच्या चहात पडलं. मागचे तीन डबे एकमेकांवर चढले. इंजिनाची उंची दोनशे पाच मिलिमीटर आहे. मी बोगदा एकशे ब्याण्णवचा बांधला होता. इंजिन शेजारी उभं असताना मी ते मोजलं नव्हतं, कारण वहीवर आणि स्वतःच्या बोटावर माझा विश्वास बसला होता. ज्या चुकीसाठी मी दुसऱ्यांचे तक्ते परत पाठवते, तीच चूक. घड्याळजींनी चहातून धुराडं काढलं, पुसलं आणि म्हणाले, "माप बरोबर असेल, इंजिन वाढलं असेल." त्यांना मला बरं वाटावं असं वाटत होतं.

दोन दिवस आणि अर्धी सकाळ उरली होती आणि सिमेंटला पूर्ण दोन दिवस लागतात. मी आजवर शंभरेक पूल तपासले, एकही पाडलेला नाही. त्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने स्वतःचा बोगदा फोडला. पण नव्याला माप कुठलं? फलाटाचं बोट सोळाचं, पूल मी त्याच बोटाने बांधला आणि तो बरोबर बसला, मग बोगद्यालाच काय झालं? उत्तर मिळालं ते वाळू चाळताना. तुझं अंगुस्तान सापडलं. ते पितळी, सुई टोचू नये म्हणून तू मधल्या बोटात घालतेस आणि मग दिवसभर काढायचं विसरतेस ते. (कुठे सापडलं, ते पुढे.) मी ते बोटात घातलं. बसलं. मोजलं तर साडेअठरा. म्हणजे तुझ्या वहीत दोन जातींची बोटं आहेत. ज्या दिवशी शिवण नव्हती त्या दिवशीची उघडी, सोळाची. आणि शिवता शिवता उठून अंगणात गेलीस त्या दिवशीची टोपीची, साडेअठराची. एका वहीत, एका पेन्सिलीने, काही खूण न करता. बारा टोपीची बोटं म्हणजे दोनशे बावीस. इंजिनाच्या वर सतरा मिलिमीटर मोकळे राहतात. यालाच तू 'जरा सैल' म्हणतेस. तुझं माप बरोबर होतं, हे मी इथे लिहून देते. दुसरीकडे कुठे देणार नाही.

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी परीक्षा झाली. दादा खुर्ची घेऊन फलाटाशी बसला, हाताची घडी घालून. घड्याळजी मांजर काखेत घेऊन भिंतीपाशी उभे होते, आणि निर्दोष सुटलेल्या आरोपीला कोर्टात बसायचा हक्क असतो असं म्हणत होते. एक फेरी अडतीस मीटरची, वेळ तीन मिनिटं दहा सेकंद. मी घड्याळ लावलं. गाडी निघाली. पूल पार. राई पार. बोगद्यात शिरली. सहा सेकंदांत बाहेर यायला हवी. सहा झाले. सात. आठ. नवव्या सेकंदाला इंजिन बाहेर आलं, धुराड्यावर बकरमचा एक ओला तुकडा पदरासारखा घेऊन, आणि तसंच लाजत लाजत पुढे गेलं. शेवटचं वळण घेतलं, वेग कमी होत गेला, होत गेला, आणि फलाटाच्या चाळीस सेंटिमीटर अलीकडे गाडी थांबली. बॅटरी. बोगदा, पूल, छप्पर, सगळं केलं, आणि बॅटरी गुरुवारपासून चार्ज केली नव्हती.

घड्याळजींनी मांजराचे डोळे झाकले. आणि मग, आत्या, दादाने घडी न सोडता, कुणाकडे न बघता, उजवा पाय पुढे केला आणि चपलेच्या टोकाने शेवटच्या डब्याला हलकेच ढकललं. गाडी फलाटाला लागली. "जेवायला काय आहे?" असं विचारून तो आत गेला, जेवला आणि झोपला. फेरी पूर्ण झाली की नाही? न थांबता, अशी अट होती, थांबली. पण पोचली. आमच्या नियमांत याला 'बाह्य साहाय्य' म्हणतात आणि त्याने चाचणी रद्द होते. मात्र ज्याने परीक्षा घ्यायची त्यानेच साहाय्य केलं तर काय, याचं कलम मला आठवत नाही. पुस्तक ऑफिसात आहे. दोन वाजून पन्नास मिनिटं झाली. मी पुन्हा एकदा अंगणात जाऊन आले. बॅटरी आता चार्ज होते आहे, काही उपयोग नसताना.

तिथल्या थोरांना नमस्कार सांग. लहानांत मीच सगळ्यात लहान असल्यामुळे आशीर्वाद शिल्लक राहतात, ते इंजिनाला दिले आहेत. पायाला जप. सुई बाहेर काढ.

तुझी,
मोजपट्टी

ता.क. अंगुस्तान कुठे सापडलं ते राहिलं. ते बोगद्याच्या आत होतं, फुटलेल्या बकरमच्या दोन थरांच्या मध्ये. बोगदा मोडायला शेहेचाळीस किलोहून जास्त भार लागतो. भार डावीकडून आला आहे, साधारण कमरेच्या उंचीवरून, माणूस वाकलेला असताना. बाथरूम तिथून अकरा मीटरवर आहे. बाथरूममध्ये कोणी अंगुस्तान घालून जात नाही. (तू जातेस, हे मान्य. पण तिथून ते बोगद्यात उडून पडत नाही. गणित केलं आहे.) तू बाथरूममध्ये पडली नाहीस. तू झाडं लावताना बोगद्यावर पडलीस, आणि दादाला कळलं तर तो रेल्वे उचलून टाकेल म्हणून मोडलेल्या पायाने घरात शिरून मग हाक मारलीस. यावर मी काही म्हणत नाही. दादाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तक्त्यात 'तपासाधीन' आहे, आणि तपास माझ्याकडे आहे. अंगुस्तान निळ्या लोकरीच्या गुंड्यात दाबून ठेवलं आहे. गुंडा दादासमोर सोडू नकोस.

ता.क. २. दादा उठला. घाईत लिहिते आहे, तो दारात पायात चपला घालतो आहे. चहा पिताना त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "आईचं अंगुस्तान सापडलं का गं?" मी म्हटलं, कुठलं? (मला खोटं बोलता येत नाही, फक्त कमी बोलता येतं.) "दवाखान्यात नेली तेव्हा बोटात नव्हतं," तो म्हणाला, "आणि केसांत हे होतं." त्याने पाकीट उघडलं आणि आतून एक चपटं झालेलं झाड काढलं. हिरव्या लोकरीचं, तारेचं, तेविसावं. "बाथरूममध्ये झाडं कधीपासून उगवायला लागली, तू इंजिनिअर आहेस, तूच सांग." मी विचारलं, मग फरशीचं काय? तर म्हणाला, "फरशीचं नाव काढलं की आई खरं सांगेल असं वाटलं. तिने खरं सांगायच्या ऐवजी तुला बोलावलं." मग बराच वेळ चहा ढवळत राहिला. साखर घातलेली नव्हती. "ती पडली त्याचं काही नाही," म्हणाला, "पुन्हा वाकेल आणि पुन्हा पडेल, त्याचं आहे." त्यानंतर अंगणात जाऊन त्याने खड्डा शोधला. मला विचारलं नाही. तो एकच रिकामा होता. झाड दोन बोटांनी सरळ केलं आणि लावलं. खड्डे तेवीस, झाडं तेवीस. त्याची उंची इतरांशी जुळत नाही, आणि तेवढं एकच झाड खरं वाटतं, असं घड्याळजींचं मत आहे.

ता.क. ३. म्हणजे रेल्वे राहते आहे, एका अटीवर: सगळी उचलून ओट्यावर घ्यायची, म्हणजे तुला वाकावं लागणार नाही. मी रजा आणखी आठ दिवस वाढवली आहे (अर्जात कारण 'पूल स्थलांतर' लिहिलं, ते त्यांनी वाचलेलं नाही). यासाठी तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. वही डब्यात ठेवली आहे. एक्केचाळीस नोंदी आहेत. त्यांतल्या ज्या टोपीच्या बोटाने घेतल्यास त्यांच्यापुढे टिंब दे. आणि जमिनीपासून तुझ्या कोपरापर्यंतची उंची कळव, वीत-बोटांत चालेल, फक्त कुठलं बोट ते लिही. नुकसानीचा तक्ता मी वहीच्या शेवटच्या पानाला टाचला आहे. 'तपासाधीन' खोडून कारणाचा रकाना कोरा केला आहे. तो तू तुझ्या हाताने भर, पेन्सिल चालेल. वही बुधवारी दादाच परत आणून देणार आहे. वही बंद करून द्यायला पाकीट मुद्दाम पाठवलेलं नाही. पत्रं तो वाचत नाही, तक्ते वाचतो.